रस्त्यावरच्या रांगेसाठी कोणती दुर्बीण? चार पर्याय शेजारी शेजारी

पहिल्यांदा फुटपाथवर दुर्बीण मांडली तेव्हा माझी निवड चुकली होती. दुर्बीण चांगलीच होती, पण मी ती माझ्यासाठी घेतली होती. एकट्यानं तासन् तास ग्रह न्याहाळणाऱ्याची गरज वेगळी. हातात पिशवी घेऊन घाईत निघालेला माणूस "काय दिसतंय हो?" म्हणत थांबतो, त्याची गरज वेगळी. त्याच्याकडे अर्धं मिनिट असतं. तेवढ्यात दिसलं तर दिसलं, नाहीतर तो "हो हो, छान आहे" म्हणून काहीही न बघता निघून जातो. हे वाक्य कानावर आलं की समजावं, चूक त्याची नाही, आपल्या मांडणीची आहे.

म्हणून खालची तुलना रांगेतल्या माणसाच्या बाजूनं केली आहे. पर्याय चार घेतले आहेत: ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी पेटीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण (आरसा २०३ मिमी, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी), ८० मिमी भिंगाची आखूड दुर्बीण साध्या तिपाईवर (नाभीय अंतर ४०० मिमी), १२७ मिमी मॅकसुटोव्ह, म्हणजे आरसा आणि भिंग दोन्ही असलेली आखूड नळीची दुर्बीण, मोटारीच्या गो-टू माउंटवर, म्हणजे वस्तू स्वतः शोधून देणाऱ्या बैठकीवर (नाभीय अंतर १५०० मिमी), आणि हल्ली निघालेली स्मार्ट दुर्बीण. तिला आयपीसच (डोळा लावायचं भिंग) नसतो, चित्र थेट फोनवर येतं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष फारसे बदलत नाहीत.

नेणं आणि मांडणं

इथं ८० मिमीला तोड नाही. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात तिपाई, आणि जागेवर पोचल्यापासून तीन मिनिटांत पहिला माणूस चंद्र बघत असतो. पायी जाणार असाल, बसनं जाणार असाल किंवा जिने उतरायचे असतील, तर बाकीची तुलना वाचायच्या आधीच अर्धा निर्णय झाला म्हणायचा.

डॉब्सोनियन वीस किलोच्या वर भरतो. नळी आणि खालची पेटी वेगळी होते, त्यामुळे दोन खेपांत एकट्याला जमतं, पण गाडी लागते. गाडीत हादरे बसले की आरसा किंचित कलतो आणि कॉलिमेशन (आरशांची जुळणी) तपासावं लागतं. सवय झाली की पाच मिनिटांचं काम. एवढं सोडलं तर पेटी ठेवा, नळी बसवा, झालं. वायर नाही, बॅटरी नाही.

गो-टूचं खरं दुखणं मांडणीत आहे. माउंटला आकाश ओळखून द्यायला दोन तारे दाखवावे लागतात, आणि रस्त्यावर नेमके तेच तारे कुठल्या तरी इमारतीमागे असतात. माझी पहिली संध्याकाळ अशीच गेली. चार जण थांबले होते, मी हँडसेटवर बटणं दाबत होतो, मान वर केली तेव्हा एकच उरला होता, आणि तोही मदत करू का विचारायला थांबलेला. नंतर कळलं की रस्त्यावर संपूर्ण अलाइनमेंटचा हट्टच धरू नये. चंद्र किंवा ग्रह हातानं मध्यभागी आणायचा, नुसतं ट्रॅकिंग (मोटारीनं त्याच्यामागे आपोआप सरकणं) चालू करायचं. त्यानं काम भागतं, पण मग गो-टूचे पैसे कशाला मोजले, हा प्रश्न उरतोच.

स्मार्ट दुर्बीण आकाशाचा फोटो घेऊन आपण कुठं बघतोय हे स्वतःच ओळखते. सपाट जागी ठेवली, फोन जोडला की सुरू.

रांगेतली तीस सेकंदं

खरी परीक्षा इथं होते, म्हणून जरा रेंगाळतो.

पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. डॉब्सोनियनला १० मिमीचा साधा आयपीस लावला तर १२० पट विस्तार मिळतो आणि आकाशाचा अर्ध्या अंशाहून थोडा कमी तुकडा दिसतो. गुरू या तुकड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण १०० सेकंदांत जातो. म्हणजे दर एक-दोन माणसांनंतर तुम्ही वाकून नळी सरकवायची. पंधरा जणांची रांग असेल तर रात्री पाठ बोलते. २५ मिमीचा आयपीस लावला की विस्तार ४८ पट, दिसणारा तुकडा जवळजवळ एक अंशाचा आणि हाताशी चार मिनिटं. चंद्रासाठी हाच लावावा, अख्खा मावतो. ग्रह दाखवताना एक युक्ती उपयोगी पडते: ग्रह मध्यभागी न ठेवता तो ज्या कडेनं आत येतो त्या कडेला ठेवायचा. पुढचा माणूस चष्मा काढून, डोळा टेकवून स्थिर होईपर्यंत ग्रह आपोआप मध्यावर आलेला असतो.

मोटारवाल्या मॅकसुटोव्हला हा त्रास नाही. ग्रह तासभर जागचा हलत नाही, तुम्ही मोकळेपणानं लोकांशी बोलता. एकट्यानं रांग सांभाळायची असेल तर हा मोठाच फायदा आहे, आणि मी बराच काळ त्यापायी मॅकसुटोव्हच्या बाजूनं होतो.

मत बदललं ते एका आजींमुळे. त्यांनी डॉब्सोनियनमधून शनी पाहिला, सरळ उभ्या राहिल्या, एक शब्द न बोलता नळीला वळसा घातला आणि पुढच्या तोंडातून आत वाकून बघितलं. चित्र चिकटवलंय का, हे तपासत होत्या. तळाशी रस्त्याच्या दिव्यानं चकाकणारा आरसा तेवढा दिसला. पटलं नाही. मी म्हटलं, "आजी, परत डोळा लावा, आणि या वेळी काढू नका." शनी मध्यावर आणून दिला आणि हात मागे घेतला. पाऊण मिनिटानं आयपीसपासून डोळा न काढताच त्या ओरडल्या, "अहो, हा चालला की!" मी म्हटलं, तो चालला नाही, आपण चाललोय. त्यांनी आणखी तीनदा शनी मध्यावर आणून मागितला, मागची रांग खोळंबली तरी.

मोटारीवर तोच शनी भिंतीवरच्या चित्रासारखा टांगून राहतो. ट्रॅकिंग नसणं ही मी इतकी वर्षं उणीव समजत होतो. रस्त्यावर तोच पुरावा ठरतो. अर्थात रांग तीस जणांची झाली की मला अजूनही मोटारीची आठवण येते.

अर्ध्या मिनिटातला बराचसा वेळ डोळा नेमका कुठं ठेवायचा हे शोधण्यात जातो. कोणी हातभर लांबून बघतं, कोणी चुकीचा डोळा मिटतं, लहान मुलं दोन्ही मिटतात. साध्या १० मिमीच्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, चष्मेवाल्यांचे हाल होतात. डोळा लांब ठेवूनही दिसेल असा एक आयपीस घ्या. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या मापापेक्षा तो रांगेला जास्त उपयोगी आहे. हे चारांपैकी पहिल्या तिघांनाही लागू.

उंचीचंही बघा. डोक्यावरची वस्तू दाखवताना डॉब्सोनियनचा आयपीस मोठ्या माणसाच्या छातीशी येतो, म्हणून मुलांना स्टूल लागतं. भिंगाच्या आणि मॅकसुटोव्हच्या दुर्बिणीत आयपीस मागच्या टोकाला असल्यानं उलट होतं: वस्तू जितकी वर, तितकं मोठ्यांना खाली वाकावं लागतं.

धक्का लागतोच

लोक दुर्बीण धरतात. कितीही सांगा, आयपीस पकडून स्वतःकडे ओढतात. डॉब्सोनियन हे निमूटपणे सहन करतो. प्लायवूडच्या पेटीत लॅमिनेटवर टेफ्लॉनच्या चकत्या सरकतात; ढकललं की हलतो, सोडलं की थांबतो. ही रचना मुळात रस्त्यासाठीच झाली. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून ते आरसे करत, नळ्या पुठ्ठ्याच्या. या छंदापायी १९६७ मध्ये मठ सुटला, आणि १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स हा गट उभा राहिला. रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, म्हणून आज तिच्यावर बेतलेल्या दुर्बिणी सगळीकडे मिळतात.

हलक्या तिपाईवरच्या ८० मिमीला बोट लागलं तरी चित्र थरथरतं आणि थांबायला चार-पाच सेकंद घेतं. तिपाईचे पाय पूर्ण उघडू नका, मधल्या दांड्याला पाण्याची बाटली टांगा, बराच फरक पडतो. मॅकसुटोव्हच्या तिपाईला लाथ बसली तर अलाइनमेंट गेलं, आणि बॅटरीची वायर अंधारात कोणाच्या तरी पायात येतेच. माझ्या वायरीत एक मुलगा अडकला होता. दुर्बीण वाचली, मुलगाही. त्याच्या आईची नजर लक्षात आहे.

दिसतं काय

८ इंची आरसा ८० मिमी भिंगाच्या सहापटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. पण रस्त्यावर हा फरक अपेक्षेएवढा जाणवत नाही. तापलेल्या डांबरावरची हवा उकळत असते, दिव्यांमुळे बाहुल्या आकसलेल्या असतात आणि लोकांना दाखवायचं असतं चंद्र, गुरू, शनी. त्यांना प्रकाशाची वाण नाही. चंद्र तर चौघींपैकी कशातूनही थक्क करतो, फक्त अष्टमीच्या आसपासचा हवा. प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट आणि डोळे दिपवणारा.

ग्रहांच्या बाबतीत "एवढासाच?" ऐकायची तयारी ठेवा. ४८ पटीत शनीची कडी धरून रुंदी साध्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो तेवढीच भरते. लोकांच्या डोक्यात यानांनी काढलेले फोटो असतात. १२० पटीत कुरकुर थांबते. इथं डॉब्सोनियन आणि मॅकसुटोव्ह बरोबरीत आहेत, ८० मिमी मागे पडते. शिवाय आखूड भिंगामुळे चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीच्या रेषेत आली होती, आता ती २०३२ पर्यंत उघडत जातील. जोवर ती बारीक आहेत तोवर जास्त विस्ताराची गरज जास्त.

८० मिमी बाजी मारते ती कृत्तिकांवर. १६ पटीत तीन अंशांचं आकाश दिसतं, सगळा गुच्छ काळ्या मखमलीवर मांडल्यासारखा येतो. डॉब्सोनियनच्या एका अंशात तो मावत नाही. दिवसा सूर्यावरचे डाग दाखवायलाही हीच सोयीची. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवलेला असावा, आयपीसला लावायचा फिल्टर कधीच नाही. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवावा आणि दुर्बीण सोडून क्षणभरही लांब जाऊ नये. एवढं पाळणं जमणार नसेल तर सूर्य दाखवू नये.

स्मार्ट दुर्बिणीचं काय करायचं?

मला ती आवडत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तोलून वाचाल. शहराच्या आकाशातही ती काही मिनिटं फोटोवर फोटो रचून मृग नक्षत्रातला तेजोमेघ गुलाबी दाखवते. देवयानी दीर्घिकेचा आकार दाखवते. ८ इंची आरशातून शहरात हीच दीर्घिका धुरकट डाग दिसते आणि लोक तुमच्या समाधानासाठी "हो, दिसली" म्हणतात. उलट ग्रहांवर ती पांगळी आहे. २५० मिमी नाभीय अंतराच्या नेहमीच्या नमुन्यात गुरू जेमतेम २० पिक्सेल रुंद येतो.

पण माझा आक्षेप पिक्सेलचा नाही. स्क्रीन लोक दिवसभर बघतात. शनीवरून सव्वा तासापूर्वी निघालेला प्रकाश मध्ये फक्त आरसे आणि काच ओलांडून थेट आपल्या डोळ्यात शिरतो, त्यासाठी माणूस वाकतो. फोनवरचं चित्र बघून कुणी नळीच्या तोंडात डोकावायला गेलेलं मी पाहिलं नाही.

तरीही एका बाबतीत तिला उत्तर नाही. जो वाकू शकत नाही, चाकाच्या खुर्चीत आहे, ज्याची नजर अधू आहे, त्याच्या हातात टॅबलेट देता येतो. त्यावरचं चित्र त्याला मोठं करून, हवा तितका वेळ बघता येतं. दोघं मिळून जात असाल तर एकाकडे आयपीसची दुर्बीण आणि बाजूला ही, असा संसार उत्तम चालतो. एकटीच असेल तर मी घेणार नाही.

मग घ्यायची कोणती

गाडी आहे, जागा ठरलेली आहे: ८ इंची डॉब्सोनियन, एक बुटकं स्टूल आणि दोन आयपीस. उचलताना पाठ तक्रार करत असेल तर ६ इंची. रस्त्यावर फरक थोडाच कळेल. पायी भटकायचं, मनात आलं की मांडायचं: ८० मिमी, फक्त तिपाईवर हात आखडता घेऊ नका. मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमात एकट्यानं ग्रह दाखवायचे: मॅकसुटोव्ह, बॅटरी तिपाईलाच बांधून, वायर जमिनीवर न सोडता.

जवळपास आकाशप्रेमींचा गट असेल तर विकत घेण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या रांगेशेजारी उभे राहा. आयपीसमधून बघू नका. ज्यानं कधीच दुर्बिणीला डोळा लावलेला नाही असा माणूस पुढं आला की, तो वाकल्यापासून त्याच्या तोंडून आवाज निघेपर्यंतचे सेकंद मोजा. दहाच्या आत निघाला तर ती दुर्बीण कोणती आहे ते विचारा. आयपीस कोणता आहे, हे त्याआधी विचारा.