बिली हॉलिडेच्या दहा सीडींचा संच: अख्खा पावसाळा ऐकल्यानंतर

चौथी सीडी बिघडली नसती तर मी हे लिहायला बसले नसते. बाकीच्या नऊ व्यवस्थित वाजतात. पण १९३९ साल, म्हणजे या अमेरिकन जॅझ गायिकेने 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं ते साल, नेमकं चौथीत आहे. बिली हॉलिडेचा संच घ्यायचा आणि त्यात १९३९ वाजायचं नाही, तर साडेचार हजार रुपये कशाचे घेतलेत? हे मी विक्रेत्याला लेखी विचारलं आहे आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे.

संचात कोणकोणती गाणी आहेत ते खोक्यावर छापलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी हा घेतला तो तारखांसाठी. मोबाइलवर गाणी ऐकताना एक त्रास कायमचा होता. 'बॉडी अँड सोल' लावलं की ते १९४० चं आहे की १९५७ चं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मध्ये सतरा वर्षं गेलेली असतात, त्या बाईचा आवाज पार बदललेला असतो, आणि आपल्यासमोर मात्र एकच नाव आणि एकच फोटो. या संचाच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्यापुढे तारीख, शहर आणि वादकांची नावं आहेत. छपाई बारीक आहे, चष्मा लागतो, पण सगळं आहे. निम्मे पैसे मी या पुस्तिकेचे धरते.

उदाहरणार्थ २ जुलै १९३५, न्यूयॉर्क. पियानोवर टेडी विल्सन, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर. बिली तेव्हा वीस वर्षांची. 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' हे गाणं त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यात वादकांनाही जागा द्यायची, म्हणून गायिकेच्या वाट्याला मधला एक फेरा येतो. तेवढ्यात ती गाणं स्वतःचं करून टाकते. त्याच १९३५ मध्ये अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबे आपला बँड घेऊन आपल्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. हे संगीत मुंबईला परकं नाही. पुढे ताजमध्ये वाजवणारे चिक चॉकलेट चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवत होते. 'अलबेला' ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या कानावरून जॅझ गेलेलं आहेच, कुणी तसं सांगितलं नाही एवढंच.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला ती पटकन का भिडते, हे मी या काही महिन्यांत नीट ऐकून घेतलं. तिच्या आवाजाचा पल्ला लहान, सप्तकाहून थोडासाच मोठा. ताना नाहीत, वरचा षड्ज गाठून दाखवणं नाही. जे काही आहे ते लयीत. साथ सरळ ठोक्यावर चाललेली असते आणि ही शब्द थोडा उशिरा टाकते, इतका उशिरा की आता चुकणार असं वाटावं, आणि ओळ संपता संपता बरोबर जागेवर येते. ठुमरीत बोल बनवताना जे चालतं त्याच्या जवळचं काहीतरी. जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणतात ती गाणी म्हणजे तरी काय, सगळ्यांनी गायलेल्या बंदिशीच. बहुतेकांचा साचा बत्तीस मात्रागटांचा: आठ, पुन्हा तेच आठ, मग वेगळे आठ, परत पहिले आठ. बंदिश सगळ्यांना पाठ असते, म्हणून कान गाणाऱ्याकडे लागतात. जानेवारी १९३७ पासून तिच्यासोबत लेस्टर यंगचा सॅक्सोफोन येतो. तिला 'लेडी डे' हे नाव त्याचं आणि त्याला 'प्रेझ' हे नाव तिचं. तो वाजवायला लागला की ती काय गाणार हे त्याला आधीच ठाऊक आहे असं वाटत राहतं. दुसरी आणि तिसरी सीडी या दोघांची आहे.

आता मुख्य तक्रार. बिघडलेल्या सीडीपेक्षाही मला ही तक्रार मोठी वाटते.

या संचावाल्यांनी खरखर काढली आहे. १९३०-४० च्या दशकातलं हे सगळं लाखेच्या तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण, तेव्हा सुईची खरखर असणारच. ती यंत्राने गाळता येते. पण खरखर जिथे असते त्याच वरच्या पट्ट्यात 'स', 'श' यांचे उच्चार असतात, गाणारीचा श्वास असतो, झांजेवर फिरणाऱ्या ब्रशची सळसळ असते. गाळणी जास्त घट्ट लावली की सगळंच जातं. इथे तेच झालं आहे. पहिल्या तीन सीडींत बिली उशीआडून गाते आहे असं वाटतं. ओळीच्या शेवटी ती अक्षर कसं सोडते, त्यानंतरचा अर्धा श्वास, हेच तर ऐकायचं असतं. उशिरा येणारा शब्द उशिरा का आला ते त्या श्वासावरून कळतं. श्वास कापला की शब्द नुसताच उशिरा येतो.

हे मी हवेत बोलत नाही. चोरबाजारात मटन स्ट्रीटवरून घेतलेली याच काळातल्या गाण्यांची एक जुनी एलपी माझ्याकडे आहे. कव्हर फाटकं, एका बाजूला ओरखडा. तीच गाणी आधी एलपीवर आणि मग या सीडीवर लावून ऐकली. एलपीवर तळण चालल्यासारखा आवाज आहे, पण त्याच्या पलीकडे एक माणूस उभा आहे. सीडीवर शांतता आहे आणि माणूस दाराआड. घरी मुलाला आणि बहिणीला, कुठलं काय ते न सांगता, दोन्ही ऐकवली. बहिणीला जॅझची आवड अजिबात नाही, तिला माणिक वर्मा पुरतात, पण तीही म्हणाली, "ताई, ती खरखरवाली लाव, ती जवळून गाते."

असं का होतं, तर हे ध्वनिमुद्रण आता कुणाचंच नाही. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. युरोपातही त्या काळचं सगळं मोकळं झालेलं आहे. त्यामुळे कुणीही स्वस्तात संच काढू शकतो आणि काढतो. ज्यांवरून तबकड्या छापल्या ते मूळ साचे ज्यांच्याकडे आहेत ते वेगळे, आणि कुठल्या तरी तबकडीवरून, नाहीतर दुसऱ्याच्या सीडीवरून उतरवून घेणारे वेगळे. खोक्यावर दोघंही 'डिजिटल रीमास्टर' असंच छापतात. कुठल्या प्रतीवरून उतरवलं हे लिहिणं सक्तीचं असायला हवं. डब्यातल्या लोणच्यावर काय काय घातलंय ते लिहावं लागतं, मग इथे का नको?

सहावी सीडी लागल्यावर मात्र आवाज अचानक उघडतो. चाळीसच्या दशकाच्या शेवटी स्टुडिओत तबकडीऐवजी टेपची फीत आली, त्यानंतर गाळायला खरखरच उरली नाही. १९५२ पासूनची निर्माता नॉर्मन ग्रान्झकडची मुद्रणं (ऑस्कर पीटरसन, बेन वेबस्टर, हॅरी एडिसन) अतिशय छान वाजतात. खोली, तबल्यासारखा जवळ येणारा बास, सगळं जागच्या जागी. आवाजाच्या दर्जासाठी घेणार असाल तर सहा ते नऊ या सीडींचे पैसे वसूल आहेत.

आता चौथी. जुलैत ती अडकायला लागली. पहिली सात-आठ गाणी ठीक, नंतर टक टक आणि मग थांबायची. पावसाळ्यात मुंबईत सीडी प्लेयरच्या लेन्सवर बुरशी धरते, तसंच असेल म्हणून प्लेयर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानातल्या मुलाने लेन्स पुसली, दुसरी सीडी लावली, ती वाजली. मग त्याने माझी चौथी ट्यूबलाइटसमोर धरली. "मॅडम, इकडे बघा." चकतीच्या बाहेरच्या कडेजवळ टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसत होते. आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथे नाहीच. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून सुरुवातीची गाणी वाजतात आणि शेवटची जातात. लेन्स पुसल्याचे त्याने शंभर रुपये घेतले आणि कारण समजावून सांगितल्याचं काहीच घेतलं नाही.

त्या शेवटच्या गाण्यांत 'स्ट्रेंज फ्रूट' आहे. २० एप्रिल १९३९. एबल मीरोपोल या शिक्षकाची कविता, झाडांना लटकवलेल्या काळ्या माणसांवरची. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ते मुद्रित करायला नकार दिला. मग मिल्ट गेबलरने आपल्या छोट्या कमोडोर लेबलवर ते केलं. तिचा आवाज यायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तोवर ट्रम्पेट आणि पियानो तुम्हाला थांबवून धरतात. माझ्याकडे आता तेवढी सुरुवातच वाजते, आवाज यायच्या आत चकती थांबते. त्याच तबकडीच्या मागच्या बाजूचं 'फाइन अँड मेलो', जे तिने स्वतः लिहिलं, तेही गेलं.

तिची स्वतःची गाणी थोडीच आहेत, पण संच घेताना ती शोधून ऐका. 'बिलीज ब्लूज' १९३६ चं. 'डोन्ट एक्स्प्लेन' हे 'काही सांगू नकोस' असं नवऱ्याला म्हणणाऱ्या बाईचं गाणं आहे, आणि ते ऐकताना आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या बायका मला आठवल्या. 'गॉड ब्लेस द चाइल्ड' १९४१ चं, आर्थर हर्झॉगबरोबर लिहिलेलं. आईशी पैशावरून झालेल्या भांडणातून ते सुचलं, असं तिने सांगून ठेवलंय. स्वतःच्या गाठीला असेल तरच जग विचारतं, इतकं रोखठोक गाणं. या संचात ते १९४१, १९५० आणि १९५६ असं तीनदा आहे. पहिल्यात ती तक्रार करते. शेवटच्यात तिला ते माहीतच आहे.

दहाव्या सीडीबद्दल माझं मत बदललं आहे. तीत १९५८ चा 'लेडी इन सॅटिन' आहे, रे एलिसच्या मोठ्या व्हायोलिनमेळासोबत. मे महिन्यात मी मैत्रिणीला सांगितलं होतं की ही शेवटची सीडी सोडून दे, आवाज फाटलेला आहे आणि वर व्हायोलिनचा पाक. तुरुंगवास, व्यसन, १९४७ नंतर न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवाना गेलेला, हे सगळं त्या आवाजात ऐकू येतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. पण चौथी बंद पडल्यावर मी दहावीकडे जास्त वळले. आता ती इतर कुठल्याही सीडीपेक्षा जास्त लागते. सूर ढळतो, पण शब्दाची जागा एकदाही ढळत नाही. एवढ्या गोड तंतुवाद्यांसमोर तो कोरडा आवाज असल्यामुळेच शब्द न शब्द कळतो. खुद्द रे एलिसलाही ध्वनिमुद्रणानंतर तिचं गाणं आवडलं नव्हतं, काही आठवड्यांनी आवाज आणि वाद्यांचं पक्कं मिश्रण ऐकल्यावर त्याचं मत फिरलं. पुढच्याच वर्षी जुलैत ती गेली. वय ४४.

विक्रेत्याचं म्हणणं असं की परत करायची दहा दिवसांची मुदत संपली. मी त्यांना ठिपक्यांचे फोटो पाठवले. मग म्हणाले, पूर्ण संच परत करा, पैसे देतो, एकटी सीडी बदलून मिळणार नाही. पूर्ण संच मी देणार नाही. ग्रान्झची मुद्रणं आणि तारखांची पुस्तिका या किमतीत मला दुसरीकडे मिळायची नाही. रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून काळा घोड्याला जाऊन काउंटरवर ऐकून घ्यायची सोयही राहिली नाही. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. पोच आली आहे. निकाल नाही आला तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करणार आहे. कमोडोरची गाणी असलेली सुटी जुनी सीडी मिळाली तर घेईन, पण तिचे पैसे मी याच विक्रेत्याकडे मागणार.

घेणाऱ्यांनी एक करा. पैसे देण्याआधी त्याच संचातलं १९३७ चं एखादं गाणं हेडफोन लावून ऐका. झांजेवरचा ब्रश ऐकू आला तर घ्या. नुसती शांतता असेल तर थोडे पैसे साठवून मूळ साच्यांवरून काढलेली आवृत्ती घ्या. आणि सीडी हातात आल्या की पहिल्याच दिवशी प्रत्येक चकती ट्यूबलाइटसमोर धरून बघा, दहा दिवसांची मुदत संपायच्या आत.