जळगाव स्टेशनजवळचं ‘बुटीक’ हॉटेल आणि माझे ३१,४२४ रुपये

जळगाव स्टेशनजवळच्या हॉटेलाची खोली मॅपवरचा नंबर फिरवून बुक करणार असाल, तर थांबा. माझे ३१,४२४ रुपये गेले. वर व्याह्यांसमोर घराण्याची लाज गेली.

पुतणीच्या साखरपुड्याला पुण्याहून मंडळी रविवारी रात्री जळगावला उतरणार होती. सोमवारी आराम आणि मंगळवारी अमळनेरला कार्यक्रम. सोबत म्हातारी माणसं, म्हणून स्टेशनातून चालत गाठता येईल असं जरा भारीतलं हॉटेल शोधलं. हॉटेल खरं आहे, फोटोही खरे. फक्त मॅपवरचा नंबर चोराचा. तिथे ‘बदल सुचवा’ म्हणून कोणीही नंबर घुसवतो, हॉटेलवाले बघत नाहीत. नंबर हॉटेलच्या जुन्या बिलावरून, नाहीतर जळगावातल्या नातेवाइकाला काउंटरवर पाठवून घ्या.

फोनवरचा माणूस अदबीनं बोलणारा. चार खोल्या, ४,२०० प्रमाणे १६,८००. निम्मे आगाऊ ८,४०० आणि पूर्ण भाड्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,०२४. असे ११,४२४ पाठवले. शिक्का-सहीची पावती लगेच आली. (साडेसात हजारांच्या आतल्या खोलीला १८ टक्के जीएसटी नसतो. पावती हातात आली की आधी कर बघा.) मग १०,००० डिपॉझिट, चेक-इनला परत. मग म्हणे एन्ट्री अडकली, पुन्हा १०,००० टाका, दोन्ही एकदम परत येतील. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

दुसऱ्यांदा कशाला टाकले, असं मला सगळे विचारतात. घरात मंडपवाला, आचारी, आहेराची यादी, आणि पाहुणे गाडीत बसायच्या बेतात. एन्ट्री पूर्ण झाली नाही तर चारही खोल्या सुटतील, असं तो सांगत होता. त्या घटकेला तुम्हीही टाकले असते.

मला जाळतं ते वेगळंच. पैशांचं बोलणं सुरू होण्याआधी तो म्हणाला, “सर, मंडे को अजंता की गाडी लगवा दूँ?” मी म्हटलं, नको, आराम करू दे. अजिंठा सोमवारी बंद असतो! हे मला शाळेच्या सहलीपासून ठाऊक आहे. जळगावात हॉटेलच्या काउंटरवर बसणारा माणूस सोमवारची अजिंठा सहल विकेल का? तो माणूस जळगावचा नाहीच, हे त्या एका वाक्यात उघडं पडलं होतं, आणि तेव्हा माझा एक रुपयाही गेला नव्हता. रात्री झोपेतही ते वाक्य ऐकू येतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉटेलाऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं, तेव्हा ‘मालकाचं खातं आहे’ हे त्याचं उत्तर तयारच होतं. असं नाव दिसलं की फोन ठेवा.

रात्री व्याही सामानासकट काउंटरवर उभे. मॅनेजर म्हणतो, हा नंबर आमचा नाही, असे बरेच जण येतात. बरेच जण येतात, तर दारावर पाटी का नाही लावत? व्याह्यांनी स्वतःच्या खिशातून खोल्या घेतल्या. वहिनीचा “काय व्हयनं?” म्हणून फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक आला. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले. हा फोन पहिल्या तासातच करा, पावत्या नंतर जुळवा. बँकेत साहेब मानही वर न करता म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्या कागदांवर उघडलं, हे बँकांना कोण विचारणार? अमळनेरला पोलीस म्हणाले, हॉटेल जळगावचं, तिकडे जा. जळगावला म्हणाले, पैसे तुमच्या घरातून गेले, अमळनेरला जा. तिसऱ्यांनी सायबर पोलिसांकडे बोट दाखवलं. तिथे साहेब बंदोबस्तात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. मी कलम सांगितलं, तर हवालदार म्हणाला, “काका, वकील आहात का?” तक्रार लेखी द्या, पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. बँकेलाही लेखीच द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण लेखी पोच नसेल तर तिथे दाखवणार काय?

हॉटेलला मी लेखी कळवलं आहे. काल भाच्याला बघायला पाठवलं. पाटी लागलेली नाही, आणि मॅपवर तोच नंबर आहे.