पासबुक माझं, अंगठा माझा, पैसे भलत्याचेच

आमच्या वसतिगृहात स्कॉलरशिप जमा झाली की सगळ्यात आधी कळतं मेसच्या काकूंना. थकलेलं बिल द्यायला पोरं रांगेत उभी राहतात. मार्च २०२३ मध्ये अशीच रांग लागली आणि तिच्यात मी नव्हतो. माझ्या खोलीतल्या दोघांना निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता मिळाला होता. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, माझ्याही अर्जापुढे रक्कम वितरित झाल्याचं दिसत होतं. बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं, तर शेवटची नोंद जानेवारीतली, अण्णांनी टाकलेल्या पंधराशे रुपयांची.

मी तेव्हा सोलापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाव बार्शी तालुक्यात. साडेतीन एकर जमीन, त्यामुळे तहसीलचा अल्पभूधारक दाखला मिळतो, आणि त्यावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत आमच्यासारख्या ठिकाणी तेव्हा वर्षाला २० हजार रुपये मिळायचे, दोन हप्त्यांत. जोडीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे निम्मी ट्यूशन फी परत. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की तिथं चालतं. आमच्या घरी आठ लाख हा आकडा फक्त त्या फॉर्मवरच ऐकलेला.

फॉर्म स्वतः भरायचा प्रयत्न मी केला होता. पोर्टल दिवसा गोल गोल फिरत राहायचं. उत्पन्नाचा दाखला अपलोड केला की फाइल मोठी आहे म्हणायचं, लहान केली की अक्षरं दिसत नाहीत म्हणून अर्ज परत. कार्यालयात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "बाहेरून भरून आण, इथं गर्दी करू नको." बाहेर म्हणजे कुठं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गेटसमोर एक झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान होतं. चालवणारा तिशीतला, बोलायला गोड, प्रत्येकाला 'इंजिनियर' म्हणायचा. मी मित्राबरोबर गेलो तो दिवस पक्का लक्षात आहे, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूची माळ घातली होती, पान्यांना आणि फायलींना, म्हणजे कानशींना, हळदकुंकू वाहिलं होतं. तसाच लाल हातांनी त्याच्या काउंटरवर बसलो.

"इंजिनियर, टेन्शन घेऊ नको. तीनशे फॉर्मचे. आणि अर्ज तपासणाऱ्या डेस्कवर आपली माणसं आहेत, नऊशे दिलेस तर तुझा अर्ज आधी सुटतो."

मी बाराशे दिले. पोर्टलवर अर्जाला एक रुपयाही लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी दिले. वेळेत काम व्हावं म्हणून आपण किती पटकन खिशात हात घालतो, याचं आजही नवल वाटतं.

माझं युजरनेम आणि पासवर्ड त्याने दोनशे पानी वहीत लिहून घेतले. त्या पानावर माझ्या आधी चाळीसेक पोरांची नावं होती आणि निम्म्यांचा पासवर्ड त्यानेच ठरवलेला, सगळ्यांना एकच. आधारला मोबाईल नंबर अण्णांचा, म्हणून त्याने माझ्याच फोनवरून त्यांना फोन लावला. "काका, पोराच्या स्कॉलरशिपचा ओटीपी आलाय बघा, सांगा." अण्णांनी शेतातून सांगितला. मग पाच मिनिटांनी आणखी एक आला, तोही सांगितला.

त्यानंतर त्याने ते छोटं काळं अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. "केवायसी करावी लागते." कुंकवाने ठसा उमटेना. त्याने स्वतःचा रुमाल काढून माझा अंगठा पुसला, अगदी मायेने. तीनदा ठसा घेतला. दर वेळी म्हणाला, "फायलिंग करून करून रेषा घासल्यात रे तुमच्या." मी हसलो. ओटीपीने आधारची पडताळणी झाली की त्या अर्जाला अंगठा लागतच नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं!

आता मुख्य गोष्ट. फॉर्मवर त्याने माझ्याच बँकेचा खाते क्रमांक टाकला, आयएफएससी कोड मला मोठ्याने वाचायला लावला, प्रिंट काढून हातात दिली. मी तीनदा तपासली. सगळं बरोबर. पण हे पैसे खाते क्रमांक बघून येतच नाहीत. ते आधार बघून येतात. आपल्या आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेलं असतं, त्यात ते पडतात. आपली चार खाती असोत, एनपीसीआय म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदीत त्या घडीला एकच बँक असते. पासबुकावर कितीही नीट शिक्का मारलेला असू द्या, त्याला कोणी विचारत नाही.

हे मला बँकेतल्या एका मॅडमनी सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "बाळा, तुझं दुसरं खातं कुठं आहे?" मी म्हटलं, नाहीये. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघायला लावलं. अण्णांना फोन करून ओटीपी घेतला. एका पेमेंट्स बँकेचं नाव आलं, जिच्या दारातसुद्धा मी कधी गेलो नव्हतो. खाली जोडल्याची तारीख होती. ४ ऑक्टोबर २०२२.

त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला होता.

म्हणजे एका ठशात खातं उघडलं, एकात ते आधारला जोडलं. तिसरा कशासाठी होता ते अजून कळलेलं नाही. खात्याला मोबाईल नंबर भलताच, त्यामुळे पैसे आल्याचा मेसेजही मला आला नाही. पुढं त्या बँकेकडून खातेउतारा मिळवायला मला दोन खेपा आणि एक लेखी अर्ज लागला. उताऱ्यात एकूण चार ओळी. १० हजार जमा. त्याच संध्याकाळी तीन वेळा रक्कम बाहेर. शिल्लक ३७ रुपये. तेवढे मात्र त्याने माझ्यासाठी ठेवले होते.

दुकानात गेलो तर म्हणाला, "सर्व्हरचा घोळ आहे, दुसऱ्या हप्त्यात दोन्ही एकदम येतील." मी उतारा दाखवला. तो माझ्याकडे न बघता झेरॉक्स काढत राहिला. दोन दिवसांनी शटर खाली. आठवड्याने फ्लेक्सही काढून नेला होता, भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग राहिला. मग वसतिगृहात चौकशी केली तर आम्ही सहा जण निघालो. आणखीही असतील. काहीजणांना लाज वाटते. इंजिनियरिंग शिकतो आणि अंगठा देऊन बसतो, असं कोण सांगेल?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पहिला प्रश्न विचारला तो हाच, "पैसे कधी गेले?" तीन आठवडे झाले होते. फोन लगेच आला तर पैसे वाटेतच अडवता येतात, आमचे केव्हाच पुढे गेले होते. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस ठाण्यात सहा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. खातं गोठवलं गेलं. पहिला हप्ता आजपर्यंत आलेला नाही आणि येईल असं मी आता धरून चालत नाही.

दुसरा वाचला, कारण त्या मॅडमनी त्याच दिवशी माझ्याकडून आधार जोडणीचा फॉर्म भरून घेतला. दोन दिवसांनी स्टेटसमध्ये माझ्या बँकेचं नाव दिसलं. त्यानंतर एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक केलं. आता कुणी माझा अंगठा कितीही प्रेमाने पुसला तरी यंत्र नाहीच म्हणणार. सिमकार्डासारख्या कामाला लागलंच तर तेवढ्यापुरतं उघडतो. अर्ज करायच्या आधी आणि मंजूर झाल्यावर असं दोनदा सीडिंग स्टेटस बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दुकानदाराइतकाच राग मला 'बाहेरून भरून आण' या वाक्याचा येतो. उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत तेव्हा ३३ रुपये ६० पैसे लागायचे, त्याची पावती मिळायची. बाराशेची पावती मी मागितलीसुद्धा नव्हती. पण ज्याला दारातून परत पाठवतात तो समोरच्या दारात जाणारच ना.

तिसऱ्या वर्षीचा अर्ज मी स्वतः भरला, रात्री दोन वाजता, खोलीतले झोपल्यावर. त्या वेळी पोर्टल शहाण्यासारखं चालतं. आधारच्या पडताळणीपाशी आलो आणि अण्णांना फोन करावा लागला. ते दचकून उठले.

"अण्णा, ओटीपी आलाय का?"

"आलाय. पण आधी सांग, आपल्या काळ्या गायीचं नाव काय?"

"अण्णा, मीच बोलतोय. आवाज ओळखत नाही का?"

"आवाज त्या टायमालाबी वळखीचाच वाटला हुता. नाव सांग."

"कपिला."

"बरं. घे लिहून," ते म्हणाले आणि चष्मा शोधायला उठले.