अकरा महिने, तेवीस रात्री: साडेसात हजारांच्या हलक्या टेंटचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात हा टेंट घेतला. दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा, अॅल्युमिनियमच्या काठ्यांचा. किंमत ७,४०० रुपये. तेव्हापासून मी आणि माझी भाची त्यात तेवीस रात्री झोपलो आहोत. साम्रद, रतनवाडी, नाणेघाटाचं पठार, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि जूनमध्ये हिमाचलात हामटा पासच्या वाटेवर चार मुक्काम. एवढ्या वापरानंतर लिहिलेलं दुसऱ्याच्या कामी येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीचा टेंट ३ किलो २०० ग्रॅमचा होता आणि त्याच्या काठ्या फायबरग्लासच्या. दोन वर्षांत एक काठी उभी चिरली. रात्री अंधारात तिला चिकटपट्टी गुंडाळताना काचेची बारीक कुसळं तळहातात गेली, ती चार दिवस काढत बसले. नवा घेताना म्हणूनच दोन गोष्टी पक्क्या होत्या: वजन दोन किलोच्या आत आणि काठ्या अॅल्युमिनियमच्याच.

या किमतीत तीन तऱ्हेचे टेंट मिळतात. सगळ्यांत हलका असतो तो ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभा राहणारा. त्याला स्वतःच्या काठ्याच नसतात, त्यामुळे वजन सव्वा किलोच्या आसपास येतं. दुसऱ्यात एकच फाटे फुटलेली काठी असते. डोक्याकडची बाजू उभी राहते, पायाकडचे दोन कोपरे मात्र खुंट्यांनी ताणावे लागतात. तिसरा दोन काठ्यांच्या फुलीवर स्वतःच उभा राहणारा. मोह पहिल्याचाच होता, पण मी तिसरा घेतला, आणि आज पुन्हा घ्यायचा झाला तरी तिसराच घेईन. कारण आपल्याकडची जमीन. सह्याद्रीत जिथं सपाटी मिळते तिथं बहुतेक वेळा वर चार बोटं माती आणि खाली काळा कातळ असतो. खुंटी दोन इंच जाते आणि टणकन वाजते. जो टेंट खुंट्यांच्या ताणावरच उभा राहतो, तो अशा जागी उभाच राहत नाही. हिरवळीवर काढलेले फोटो पाहून निवड करू नका, आपण जिथं झोपणार ती जमीन डोळ्यांसमोर आणा.

आता वजन. खोक्यावर १.६५ किलो छापलंय. आमच्या वाण्याच्या काट्यावर एकेक नग ठेवून पाहिला. वरचा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, ५८० ग्रॅम, आतली जाळीची खोली ६४०, काठ्या ४२०. म्हणजे छापलेला आकडा खरा, पण एवढ्याचाच. दहा खुंट्या १४० ग्रॅम, दोऱ्या आणि पिशव्या १०० ग्रॅम हे त्यात धरलेलंच नाही. पाठीवर येतं ते १ किलो ८८०. दोघींत वाटून घेतलं की कोणाच्याच वाट्याला किलोपेक्षा जास्त येत नाही. एकीकडे खोली, खुंट्या आणि दोऱ्या-पिशव्या, दुसरीकडे फ्लाय आणि काठ्या.

खाली अंथरायचं कापड वेगळं विकतात, ते घेतलं नाही. घराला रंग देताना जमिनीवर टाकतात तो पातळ प्लास्टिकचा कागद कापून घेतला, ११० ग्रॅम भरला. तो टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं आत ठेवावा. बाहेर डोकावला तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट आपल्या पाठीखाली येतं.

नाणेघाटावर फेब्रुवारीत पहिली खरी परीक्षा झाली. संध्याकाळी कोकणातून वर चढणारा वारा पठारावर आडवा सुटतो, आणि खुंट्या एकही आत जाईना. तिथल्या एका गावकरी काकांनी दगडाची रीत दाखवली, ती इथे मुद्दाम सांगते. दोरी थेट मोठ्या दगडाला बांधायची नाही, वाऱ्याने घासून ती तुटते. नारळाएवढ्या दगडाला दोरीचा फास द्यायचा, तो जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या पुढ्यात, टेंटच्या बाजूला, घागरीएवढा दगड दोरीवर टेकवायचा. दोरी जितकी ओढली जाईल तितका लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो. आठ ठिकाणी असं केलं. रात्रभर कापड फडफडत होतं, काठ्या वाकत होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या. सकाळी एकही काठी वाकडी राहिली नव्हती. या टेंटवर खर्च केलेल्या पैशाचं चीज त्या रात्री झालं.

रतनवाडीला डिसेंबरात मात्र घाबरले होते. भंडारदऱ्याच्या जलाशयाला लागून टेंट लावला होता. पहाटे जाग आली तर फ्लायच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते. आकाश निरभ्र, पाऊस नाही. ती गळती नव्हती. आमच्याच श्वासातली वाफ गार कापडावर थिजली होती. थंड हवा उतरून पाण्याकाठच्या खोलगट जागेत साचते, तिथं हे जास्तच होतं. त्यानंतर आम्ही काठापासून थोडं वर, झाडाच्या आडोशाला जागा बघतो आणि थंडी असली तरी वरची हवेची खिडकी उघडी ठेवतो. सोबत एक जुना पंचा असतो, सकाळी फ्लाय आतून पुसून घ्यायला. हामटाच्या वाटेवर शिया गोरूच्या मुक्कामी हीच वाफ गोठून बर्फाचा भुगा झाली होती. उन्हं यायच्या आत झटकली की निघून जाते. पास ४,२७० मीटरवर आहे, तिथून उतरून आलेल्या रात्री टेंटने आम्हाला वाऱ्यापासून नीट सांभाळलं. ऊब मात्र स्लीपिंग बॅगने दिली, टेंटकडून तिची अपेक्षा ठेवू नका. आतली खोली निम्मी जाळीचीच आहे.

खरी उणीव कळली मेमध्ये, बारीला. वळवाचा पाऊस चाळीसएक मिनिटं कोसळला. कंपनीचा दावा ३,००० मिलिमीटरचा आहे, म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपू नये. कापडातून झिरपलंही नाही. पण नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं. ताणून बांधलेला फ्लाय दहा मिनिटांत पोटासारखा खाली आला आणि आतल्या जाळीला टेकला, की तिथून पाणी आत. भाची भर पावसात बाहेर जाऊन दोऱ्या पुन्हा ताणून आली. शिवाय माथ्याजवळ दोरीचा पट्टा जिथं शिवलाय तिथं शिवण झाकणारी पट्टी नीट चिकटवलेली नव्हती, तिथून थेंब थेंब गळत राहिलं. घरी आल्यावर हार्डवेअरच्या दुकानातलं शंभर टक्के सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने त्या शिवणीवर बाहेरून लावलं आणि एक दिवस वाळू दिलं. बाहेरूनच लावायचं, कारण या कापडाला बाहेर सिलिकॉनचा आणि आत पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असतो. सिलिकॉन पीयूवर धरत नाही. नंतर गच्चीत नळीने पाणी मारून पाहिलं, गळती थांबली. तरी पुढचा टेंट घेताना मी पॉलिस्टरचा फ्लाय शोधेन. शंभर ग्रॅम जास्त गेले तरी चालतील, ओला झाल्यावर तो एवढा ढिला पडत नाही.

सातव्या महिन्यात आतल्या दाराची चेन उसवायला लागली. लाल धूळ दातांत बसते, हे कारण. कंपनीला तीनदा लिहिलं. पूर्ण टेंट स्वखर्चाने पाठवा, एवढंच उत्तर आलं आणि मग तेही थांबलं. मला याचं वाईट वाटलं, कारण कमी पैशात चांगली वस्तू देणाऱ्यांनी एवढी साथ तरी द्यायला हवी. कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याने ८० रुपयांत नवा रनर बसवून दिला. आता प्रत्येक ट्रेकनंतर कोरड्या टूथब्रशने चेन झाडते.

जागेचं सांगायचं तर आत दोन मॅट शेजारी शेजारी बसतात, बस. सॅक पुढच्या पडवीत ठेवाव्या लागतात. पावणेसहा फुटांहून उंच माणसाचे पाय कापडाला लागतील.

पावसाळ्यातली काळजी शेवटी लिहितेय, पण ती कमी महत्त्वाची नाही. जुन्या टेंटचा तळ ओलसर असतानाच कपाटात गेला आणि दोन पावसाळ्यांत आतला पीयूचा लेप चिकट होऊन आंबूस वास मारायला लागला. तो पुन्हा सुधारत नाही. हा टेंट घरी आल्या आल्या गॅलरीत सावलीत उलटा-सुलटा वाळतो, कडक उन्हात नाही, कारण नायलॉन उन्हाने कुजतं. मग घट्ट पिशवीत न कोंबता उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल भरून माळ्यावर जातो. काल तो खाली काढला तर एका काठीच्या आतलं इलास्टिक ढिलं पडलेलं दिसलं. शिलाईच्या दुकानात तसंच गोल इलास्टिक मीटरवर मिळतं; नवरात्राच्या आत ते बदलायचं आहे.