भारतीय न्याय संहितेचं मराठी पॉकेट पुस्तक: पाचपैकी तीन तारे

कोर्टासमोर आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. हल्ली स्टेटस नाहीतर रीलच्या भानगडीत नोटीस आलेली पोरं कागद काढायला येतात, म्हणून हे पुस्तक काउंटरवर ठेवलं. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पैसे वसूल होतात ते शेवटच्या तक्त्यात. जुन्या दंड संहितेची (आयपीसी) कलमं या नव्या कायद्यात कुठं गेली ते तिथं आहे: धर्माच्या अपमानाचं जुनं २९५अ आता २९९, गटागटांत वैर पसरवण्याचं १५३अ आता १९६. आणि धार्मिक भावना दुखावणारं बोलणं, हातवारे यांचं जुनं २९८ झालंय चक्क ३०२! परवा एक आई नोटिशीत २९९ च्या शेजारी ३०२ वाचून मटकन खाली बसली. "खुनाचं कलम लावलं हो माझ्या लेकराला!" पान उघडून दाखवलं, जास्तीत जास्त एक वर्ष. मग पाणी प्यायली बिचारी.

२९९ चा मजकूर स्वच्छ छापलाय. मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान हवा, इलेक्ट्रॉनिक माध्यमही त्यात आलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आता आलेला मेसेज पुढं ढकलणारं कॉलेजचं पोरगं आणि गाव पेटवायला व्हिडिओ बनवणारा, दोघांना हीच एक ओळ. कुणाला किती, याचं माप कलमातच नाही, तर पुस्तकाचे तारे कशाला कापू?

कापलेत ते टिपांसाठी. जुनं २९५अ घटनेत बसतं असं सांगणारा, रामजीलाल मोदींच्या खटल्यातला १९५७ चा निकाल दिलाय, पण नकळत किंवा निष्काळजीपणानं झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे सांगणारा क्रिकेटपटू धोनीच्या खटल्यातला २०१७ चा निकाल गायब. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून हातकणंगल्याला १५३अ खाली दाखल झालेला प्राध्यापकाचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तोही नाही. आमच्याकडे येणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

घरच्यांचा पहिला प्रश्न, "आत टाकतील का?" त्याचं उत्तर इथं नाहीच. २९९ दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही), ३०२ अदखलपात्र आणि जामीनपात्र, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत. अटकेऐवजी हजर राहायची नोटीस देता येते ते तिथल्या ३५ मध्ये, आणि २९९ ची दखल घ्यायला कोर्टाला आधी सरकारची मंजुरी लागते ते २१७ मध्ये. तेव्हा घ्यायची तर दोन्ही पुस्तकं एकदम घ्या, आणि हे शिवलेल्या बांधणीचं मिळतंय का बघा. पिनवाल्याची पानं लगेच सुटतात.