वनस्पती ओळखून देणाऱ्या सेवेचे परीक्षण: पिवळ्या धोत्र्याच्या निमित्ताने

मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवले की वनस्पतीचे नाव सांगणाऱ्या ज्या सेवा निघाल्या आहेत, त्यांपैकी एक मी गेले वर्षभर वर्गणी भरून वापरत आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते तिच्या एकटीचेच असतील असे मला वाटत नाही. परीक्षेसाठी मी एकच वनस्पती निवडली, ती म्हणजे पिवळा धोत्रा किंवा काटेधोत्रा, शास्त्रीय नाव आर्जेमोनी मेक्सिकाना. हे तण मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीज या पट्ट्यातले, पण आज आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील उष्ण प्रदेशांत पडीक जमीन, रस्त्याची कड, नदीपात्रातील वाळू आणि शेताचे बांध यांवर ते सर्रास दिसते. दुर्मीळ वनस्पतीवर चुकलेल्या सेवेला क्षमा करता येते. इतक्या जगभर पसरलेल्या आणि इतक्या ठसठशीत वनस्पतीवर तिची खरी परीक्षा होईल, असा माझा हिशोब होता.

फुलावर सेवा एकदाही चुकली नाही, आणि खरे सांगायचे तर तिने चुकायला जागाही नव्हती. चार ते सात सेंटिमीटर रुंदीचे झगझगीत पिवळे फूल, बहुधा सहा पाकळ्या, त्याही चुरगळलेल्या रेशमासारख्या पातळ, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका आणि त्यातून वर डोकावणारी गडद लाल, चार ते सहा पाळ्यांची कुक्षी (स्त्रीकेसराचे टोक), अशी सामग्री एकत्र असलेले दुसरे सामान्य तण चटकन डोळ्यांसमोर येत नाही. कळीवर प्रत्येक निदलाच्या, म्हणजे कळी झाकणाऱ्या हिरव्या पाळीच्या, टोकाला एक शिंग असते, तेही या कुळाच्या जाणकाराला पुरेसे असते. ढगाळ उजेडात, वाऱ्याने हललेल्या आणि अर्धवट पाकळ्या गळलेल्या फुलाच्या चित्रावरही उत्तर दोन-तीन सेकंदांत आणि बरोबर आले. एवढ्यावर थांबणाऱ्या माणसाने सेवेला पूर्ण गुण दिले असते.

अडचण जातीच्या पातळीवर सुरू होते. पिवळ्या धोत्र्याची एक सख्खी बहीण आहे, आर्जेमोनी ऑक्रोल्यूका, फिकट पिवळ्या, जवळजवळ सायीच्या रंगाच्या फुलांची. तीही मेक्सिकोकडचीच आणि तीही तण म्हणून दूरवर पसरलेली. काही अभ्यासकांनी तिला पूर्वी मेक्सिकानाचाच एक प्रकार मानले होते, आणि ऑस्ट्रेलियात तर तिच्या अनेक नोंदी आधी मेक्सिकानाच्या नावावर जमा होत्या. दोघींच्या गुणसूत्रांची संख्या मात्र वेगळी आहे, मेक्सिकानात 28 आणि ऑक्रोल्यूकात 56. सेवा हा निर्णय केवळ पाकळीच्या रंगावरून घेते, असा माझा अनुभव आहे. एकाच फुलाचे चित्र मी सकाळी सावलीत आणि दुपारी भर उन्हात काढले, तेव्हा सावलीतले फूल मेक्सिकाना ठरले आणि उन्हात रंग उडालेले तेच फूल ऑक्रोल्यूका. मेक्सिकानाची फुलेही क्वचित फिकी असतात, त्यामुळे रंगावर सगळी भिस्त ठेवणे जोखमीचे आहे. डोळसपणे पाहणारा माणूस कळीकडे वळतो: मेक्सिकानाची कळी जवळपास गोल असते, तर ऑक्रोल्यूकाची लांबट. ही खूण छायाचित्रात स्वच्छ टिपता येते, तरीही कळीचे वेगळे चित्र जोडण्याची सूचना सेवेने मला कधीही केली नाही. पाने, फूल, फळ आणि खोड अशा चार चौकटी तिच्या पडद्यावर आहेत. कळीसाठी पाचवी चौकट ठेवणे काही अवघड नसावे.

परंतु माझी मुख्य तक्रार याहून आधीच्या अवस्थेची आहे. तणाच्या बाबतीत फूल ओळखून फारसे साधत नाही, कारण फूल आले म्हणजे पहिली बोंडे धरायला लागलीच. पिवळा धोत्रा स्वपरागणाने बी धरू शकतो. एखाद्या ओसाड जागी चुकून उगवलेले एकटे रोपही पुढच्या पिढीची सोय करून जाते. म्हणून ज्याला हे तण आवरायचे आहे त्याने ते जमिनीलगतच्या पानांच्या गुच्छाच्या अवस्थेतच ओळखले पाहिजे, आणि नेमके तिथेच ही सेवा ढेपाळते. बी रुजल्यावर येणाऱ्या दोन दलिका, म्हणजे रोपाची पहिली पाने, सुईसारख्या अरुंद असतात. त्यांच्या चित्रावर सेवेने एकदा बडीशेपेच्या कुळाचे नाव दिले आणि एकदा सरळ गवत म्हटले. पुढे निळसर हिरवी, खोलवर कातरलेली, काटेरी कडांची पाने येतात आणि त्यांच्या शिरांवर पांढरट पट्टे उमटतात. या पट्ट्यांमुळे सेवा हमखास मिल्क थिसल या दुसऱ्या काटेरी वनस्पतीकडे, म्हणजे सिलिबम मॅरियानमकडे वळते. गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण काटेरी पान आणि पांढऱ्या शिरा हे वर्णन दोघांनाही लागू पडते. समजण्यासारखे नाही ते हे, की उत्तराशेजारी विश्वासाचा आकडा मोठ्या दिमाखात नव्वदच्या पुढचा दाखवला जातो.

या गुच्छावर मी स्वतः काय करतो ते सांगतो. हातमोजा घालून एक पान देठापाशी मोडले की क्षणभर काहीच दिसत नाही, मग तुटलेल्या कडेवर हळदीच्या पाण्यासारखा एक थेंब फुगतो आणि देठावरून ओघळतो. कागदावर टिपला तर थोड्या वेळाने तो डाग आणखी गडद होतो. मिल्क थिसलच्या पानातून असा पिवळा चीक येत नाही; पाथरीसारख्या दिसणाऱ्या सॉन्कस या काटेरी तणातून चीक येतो, पण तो दुधासारखा पांढरा असतो. म्हणजे दोन सेकंदांची ही चाचणी निर्विवाद निकाल देते. सेवेच्या मदतपानावर 'चीक कोणत्या रंगाचा आहे' असा साधा प्रश्न विचारला असता तरी अर्ध्या चुका टळल्या असत्या. हवाईत तर ओळखीतली चूक अधिक महाग पडेल, कारण तिथे आर्जेमोनी ग्लॉका ही पांढऱ्या फुलांची स्थानिक जात आहे, जी जगात इतरत्र आढळत नाही. फुलावर ती सहज निराळी दिसते, पण फुलण्याआधी तीही तशीच निळसर आणि काटेरी असते, आणि पिवळा चीक तिलाही असल्यामुळे तिथे माझी चाचणीसुद्धा उपयोगाची नाही.

सेवेचे मराठी रूप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक फसगत आहे. उत्तराखाली मराठी नाव म्हणून नुसते 'धोत्रा' छापून येते आणि त्यावर बोट ठेवले की धोत्र्याचे पान उघडते, म्हणजे डाट्युराचे. डाट्युरा बटाट्याच्या आणि वांग्याच्या कुळातला, तर पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. दोघांचे साम्य काटेरी बोंडापुरतेच आहे, आणि बहुधा त्या साम्यावरूनच हे नाव पडले असावे. विषारी दोन्ही आहेत, पण त्यांची विषे आणि लक्षणे पूर्णपणे वेगळी आहेत. चुकीच्या पानावरचा विषबाधेचा मजकूर वाचून कोणी वैद्यकीय मदत मागितली, तर त्याचा काय उपयोग होणार? शास्त्रीय नावाची व्युत्पत्ती मात्र सेवेने नेटकी दिली आहे: ग्रीक 'आर्जेमा' म्हणजे डोळ्यावरचा पांढरा डाग, आणि त्यावर गुणकारी मानल्या गेलेल्या खसखशीसारख्या एका वनस्पतीचे जुने नाव 1753 मध्ये लिनियसने या अमेरिकी प्रजातीला दिले.

बियांच्या बाबतीत सेवेने हात टेकले आहेत, आणि निदान तिथे ती प्रामाणिक आहे. 'ओळख पटली नाही' एवढेच सांगते. तरीही ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. पिवळ्या धोत्र्याचे बी दीड-दोन मिलिमीटरचे, काळसर तपकिरी असते आणि मोहरीच्या ढिगात सहज लपते. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरले की त्याचा पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार, ओळीओळीने खड्डे पडलेला दिसतो आणि एक टोक किंचित निमुळते असते. मोहरीचा दाणा गोल असतो आणि त्यावर असे ठळक खड्डे नसतात. या बियांच्या तेलात सँग्विनरीन आणि डायहायड्रोसँग्विनरीन ही अल्कलॉइडे, म्हणजे विषारी वनस्पतिजन्य रसायने, असतात. त्यांच्यामुळे केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, पायांवर सूज चढते, धाप लागते आणि काही रुग्णांच्या डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो. या विकाराला साथीचा ड्रॉप्सी म्हणतात. 1877 मध्ये कोलकात्यात त्याची नोंद झाली, पुढे मॉरिशस आणि फिजीतही तो दिसला, आणि 1998 मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली. अशा वनस्पतीच्या माहितीपानावर सेवेने 'औषधी उपयोग' हा मजकूर सर्वांत वर, ठळक अक्षरांत दिला आहे, आणि बियांच्या विषारीपणाचा उल्लेख पडदा तीनदा सरकवल्यावर अर्ध्या वाक्यात येतो. मी याबद्दल दोनदा लिहून कळवले. दोन्ही वेळा आभाराचे ठरावीक उत्तर आले.

त्याच पानावर 'बिया वाऱ्याने दूर पसरतात' असे एक वाक्य आहे, ते सरळ चूक आहे. या बीला ना पंख, ना केसांचा झुबका. बोंड सुकले की टोकाशी चार ते सहा फटी पडतात आणि खोड हलले, कोणाचा धक्का लागला, की मिठाच्या डबीतून मीठ पडावे तशा बिया आसपास सांडतात. एका बोंडात तीनशे-चारशेपर्यंत बिया असू शकतात, त्यामुळे मातृवनस्पतीभोवतीच दाट वस्ती होते. सागरापलीकडचा प्रवास तिने माणसाच्या मदतीने केला: धान्यात मिसळून, वाळलेल्या चाऱ्यातून, उपसलेल्या वाळूतून, यंत्रांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून, आणि पुराच्या पाण्यातून पुढे. पडल्यावर सगळ्या बिया लगेच रुजत नाहीत. अनेक जमिनीत सुप्त राहतात आणि नांगरट किंवा खोदकाम होऊन माती उलथली की वर येतात. शिवाय काटे आणि कडू चीक यांमुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून जास्त चरलेल्या कुरणात बाकीचे सारे संपते आणि हिची रोपे तेवढी उभी राहतात.

वापरणाऱ्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेच्या नकाशाविषयीही सावध राहिलेले बरे. त्यावर पिवळ्या धोत्र्याचे ठिपके रस्त्यांच्या रेघांवर आणि फुलांच्या महिन्यांत दाटलेले दिसतात, कारण माणसे तिथून तेव्हा जातात आणि पिवळे फूल दिसले की थांबतात. वेग, बॅटरीचा खर्च आणि जाळे नसताना चित्र साठवून ठेवण्याची सोय यांबाबत मात्र तक्रार नाही.

वर्गणी संपण्याआधी मी एक शेवटचा प्रयोग केला. ज्या रोपाचे गुच्छावस्थेतले चित्र मिल्क थिसल म्हणून नोंदले गेले होते, त्याच रोपाची कळी, फूल, बोंड आणि भिंगाखालचे बी अशी चित्रे क्रमाने जोडून दुरुस्तीची विनंती पाठवली. फुलाची नवी नोंद तत्काळ आर्जेमोनी मेक्सिकाना म्हणून मान्य झाली. जुनी नोंद अद्याप मिल्क थिसलच्याच नावावर आहे, त्यामुळे नकाशावर एकाच ठिकाणी, एकाच रोपाचे, दोन वनस्पतींच्या नावांनी दोन ठिपके दिसतात.