अँड्रॉइड स्टिरिओ बसवून दहा महिने झाले : मॅपवर किती विसंबायचं?

गेल्या दसऱ्याला व्हॅनमध्ये नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. फिटिंगसकट साडेआठ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढच्या दिवाळीला हाच माल दुसऱ्या स्टिकरखाली मिळेल. गाणी वाजतात, रिव्हर्स कॅमेरा चालतो, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. माझा सगळा व्यवहार मॅपशी.

काम मिल्किंग मशीनच्या सर्व्हिसिंगचं. राहायला कोल्हापुरात, पण फिरती करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा अशी. बहुतेक गोठे गावात नसतात, मळ्यात असतात. आणि फोन येतो तो ऐन धारेच्या वेळी. मशीन व्हॅक्युम धरत नाही, म्हशी दाव्याला ताटकळलेल्या. उशीर झाला की म्हैस पान्हा चोरते आणि मालकाचा आवाज चढतो. त्यामुळं रस्ता चुकणं मला परवडत नाही.

पहिला महिना वैतागात गेला. हायवेवर तावडे हॉटेलच्या पुढं आलो की बाण कधी मुख्य रस्त्यावर, कधी सर्व्हिस रोडवर, कधी चक्क शेतात. गोकुळ शिरगावला उतरायचं ते दोनदा हुकलं. सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू असल्यामुळं आज उघडा असलेला डायव्हर्जन उद्या बंद असतो, ते मॅपला कळत नाही एवढं मी समजू शकतो; पण बाण असा का उड्या मारतोय? शेवटी डॅशबोर्ड खोलला. फिटरनं जीपीएसचा अँटेना, ती काडेपेटीएवढी काळी डबी, आत लोखंडी पट्टीच्या खाली कोंबून ठेवली होती. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, त्याचा सिग्नल इथं पोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, त्यात वर पत्रा. जागा नीट ठरायला निदान चार उपग्रह लागतात. डबी काढून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवली आणि बाण सरळ चालायला लागला. तुमचाही उड्या मारत असेल तर आधी हे बघा, मग दुकानदाराशी भांडा.

दुसरं, नेट. स्टिरिओ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. गगनबावड्याकडं रेंज गेली की स्क्रीनवरचे रस्ते गायब, नुसत्या करड्या पाटीवर बाण चालतोय. जागा कळायला नेट लागत नाही, नकाशा दिसायला लागतं. घरच्या वायफायवर जिल्ह्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घेतल्यापासून हा त्रास संपला.

नावांची गंमत मात्र संपत नाही. नुसतं 'बीड' टाकलं तर मॅपमधली रस्ता सांगणारी बाई मराठवाड्याकडं तोंड करते, मला जायचं असतं कसबा बीडला. 'वाडी' म्हटलं की आपल्या डोक्यात नरसोबाची वाडी, पण जोतिबाचा डोंगरही कागदोपत्री वाडी रत्नागिरीच. शिरोली आणि शिरोळ तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराच्या फरकानं उभे. आणि कळे गावाचा उच्चार ती 'केल' असा करते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे कुठलं नवीन गाव?

आता मुख्य प्रसंग. डिसेंबर, पहाटे साडेपाच, शिरोळ तालुका. नवीन गिऱ्हाईक. त्यांनी व्हॉट्सॲपवर गोठ्याची पिन टाकली होती, मी ती लावून निघालो. गाव ओलांडल्यावर बाईनं डावीकडं वळवलं. ती पाणंद होती. दोन्ही बाजूला ऊस, डोक्याच्या वर, पाला काचेवर खरडतोय, आरसे मिटून घेतलेले. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर बाई गोड आवाजात म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. समोर ओढा. ओढ्याच्या पलीकडं, शंभर पावलांवर, गोठ्यातला बल्ब. म्हशींचं ओरडणं ऐकू येतंय, शेणाचा वास येतोय, गाडीला जायला वाट नाही.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. मॅप तुम्हाला पिनपर्यंत नेत नाही, पिनेच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यापर्यंत नेतो. हवेतल्या अंतरानं माझी पाणंद जवळ होती, मधला ओढा त्याच्या हिशोबातच नाही. गोठ्याचा खरा रस्ता पलीकडच्या गावातून.

मागं फिरावं म्हटलं तर फडाकडं निघालेला ट्रॅक्टर पाणंदीत घुसलेला, मागं दोन मोकळे डबे. दोन डब्यांचा ट्रॅक्टर रिव्हर्स कोण घेणार? त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "मॅप लावून आलायसा व्हय?"

"होय."

"आटवड्यातला तिसरा बघा तुमी."

गाडी जेमतेम उसात घुसवून त्याला वाट दिली. मालकाला फोन केला. ते बॅटरी घेऊन ओढ्यावर आले. पल्सेटर (मशीनची ओढ चालू-बंद करणारा भाग) आणि लायनर (सडांवर बसणाऱ्या रबरी नळ्या) यांची पिशवी खांद्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी ओढा पार केला. डिसेंबरातलं पाणी. पल्सेटर बदलला, मशीन सुरू झालं, पण दोन म्हशींची धार तोवर हातानंच काढून झालेली. मालक बोलले नाहीत, चहा दिला. ते न बोलणंच जास्त लागलं.

पावसाळ्यात वेगळाच धडा. जुलैमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठायच्या कितीतरी आधी आजूबाजूचे बंधारे पाण्याखाली जातात. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मुळात ठेंगणे, आणि कित्येकांवरून रस्ता गेलेला. मॅपनं मला अशाच एका बंधाऱ्यावरून काढलं, 'सगळ्यात जलद रस्ता' म्हणून. लाल रेघ नाही, काही नाही. गर्दी तो ओळखतो ती रस्त्यावरच्या मोबाइलांच्या वेगावरून, आणि बुडालेल्या रस्त्यावर मोबाइल कुठले? सुदैवानं अलीकडं गावातल्या पोरांनी काट्या आडव्या टाकल्या होत्या. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला पाण्यात गाडी घालू नको हे सांगावं लागत नाही, पण बाहेरगावचा कुणी रात्री त्या स्क्रीनच्या भरवशावर आला तर? म्हणून जून ते सप्टेंबर मी 'जलद' रस्ता बघतच नाही. दूध संकलनाच्या टेम्पोवाल्याला फोन करतो. तो रोज दोनदा जातो, कुठल्या पुलावर पाणी आहे ते त्याला तोंडपाठ.

एवढं होऊनही स्टिरिओ काढलेला नाही. गावाच्या वेशीपर्यंत तो चोख नेतो, अंधारात पुढचं वळण आधी दाखवतो, वेळेचा अंदाज पाच मिनिटं इकडंतिकडं. पाचपैकी साडेतीन. अर्धा फिटरमुळं कापला.

बदललं एवढंच, की आता नवीन गिऱ्हाइकाला पिन मागायच्या आधी विचारतो : गाडी कुठल्या गावातनं आत येते, मधे ओढा किंवा पाट आहे का, उसाची तोड चालू आहे का. आणि पहिली फेरी झाली की गोठ्याच्या दारात उभा राहून माझी पिन मीच सेव्ह करतो. सध्या 140 झाल्यात. नावं मालकांची नाहीत, 'चिंचेखालचा', 'पडक्या विहिरीचा', 'कुत्रं सोडतात' अशी. शिरोळच्या त्या गोठ्याचं नाव 'ओढा, पलीकडनं'. परवा तिथं गेलो, बरोबर सव्वापाचला दारात. मालकांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं आणि मग हसले.